बीबीए एलएलबी आणि आपलं गाव : अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात दर्यापूरकडे माहेरी गेले होते. मावशीची नात यंदा बारावी कॉमर्स झाली. ओट्यावर शेंगा फोडता फोडता तिनं विचारलं, "मावशी, मॅनेजमेंट अन् वकिली एकत्र शिकता येते म्हणतात, खरं हाय काय? अन् शिकून आपल्या इकडे करू काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. बारावीनंतर पाच वर्षं, दहा सेमिस्टर, प्रवेशाला राज्याची सीईटी. दुसऱ्याचं उत्तर माझ्या एकटीकडे अर्धंच आहे, म्हणून हा धागा. विदर्भातल्या खेड्यातून, तालुक्याच्या गावातून जे हे शिकले, शिकत आहेत, सोडून गेले, ज्यांच्या घरात कोणी शिकतंय, त्यांनी लिहावं. कॉलेजची नावं नकोत. काय जड गेलं आणि काय कामी आलं ते सांगा. सुरुवात मीच करते.

तिसऱ्या वर्षाला होते. बाबांनी खेडा खरेदीवाल्याला चौदा क्विंटल कापूस घरूनच दिला होता आणि त्यानं ९८ हजारांचा चेक दिला होता. तो परत आला. व्यापारी ओळखीचा, त्यामुळे "पाडव्यापर्यंत देतो भाऊ" यावर बाबा थांबून राहिले. महाशिवरात्रीला मी घरी आले तेव्हा बँकेच्या मेमोला चोवीस दिवस झाले होते. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली नाही, तर चेकच्या त्या परतीवर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, केस उभीच राहत नाही. हे मी महिनाभरापूर्वी वर्गात लिहून घेतलं होतं आणि घरी त्याच कलमाचे सहा दिवस उरले होते. रात्री मसुदा केला, सकाळी ओळखीच्या वकिलांकडून रजिस्टर पोस्टानं पाठवला.

इथपर्यंत झाली वकिली. पण नोटीस मिळाल्यावर तो माणूस घरी आला आणि बोलू लागला, तेव्हा मला वर्किंग कॅपिटलचा, म्हणजे खेळत्या भांडवलाचा, तास आठवला. तो शेतकऱ्याला आठ दिवसांत पैसे द्यायचं कबूल करायचा आणि जिनिंगकडून त्याला यायचे महिन्या-दीड महिन्यानं. मधल्या काळासाठी त्याच्याकडे पैसाच नव्हता. माणूस खोटा नव्हता, त्याचं गणित चुकलेलं होतं. नोटिशीनंतरच्या पंधरा दिवसांत अर्धे आणि पुढच्या वीस दिवसांत अर्धे, असं त्याच्याकडून लिहून घेतलं. ते पंधरा दिवस संपल्यावर तक्रार करायला एकच महिना असतो, म्हणून दुसरा हप्ता मुद्दाम त्या महिन्याच्या आत बसवला. पैसे आले. बाबा आजही त्याच्याशी व्यवहार करतात. नुसती वकिली शिकले असते तर मी केस केली असती, नुसतं मॅनेजमेंट शिकले असते तर मुदत घालवली असती.

वैनगंगेकाठचा

मी कुरखेड्याकडचा. दहावीपर्यंत आश्रमशाळा, बारावी मराठी माध्यमातून. सीईटी मराठीतून देता येते आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून प्रवेश मिळाला. वर्गात मात्र सगळं इंग्रजीतून. करार कायद्यात 'कन्सिडरेशन' हा शब्द आला. शब्दकोशात त्याचा अर्थ 'विचार' असा सापडला आणि दोन आठवडे मी तोच अर्थ धरून वाचत होतो, काहीच जुळत नव्हतं. शेवटी एका सरांनी सांगितलं, "अरे, मोबदला. तू मोह देतोस, तो तांदूळ देतो, तेच कन्सिडरेशन." त्या दिवसापासून मी वही दोन भागांत केली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आमच्या गावातला व्यवहार. पाच वर्षांत अशा चार वह्या भरल्या. माझ्यामागून आलेल्या पोरांनी त्यांच्या झेरॉक्स नेल्या.

आता खरं सांगायचं ते. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. ते पाहून आमच्या भागातल्या अनेक ग्रामसभा स्वतः तेंदू आणि बांबू विकू लागल्या. आमची ग्रामसभाही विकते. मी चौथ्या वर्षाला असताना मे महिन्यात फळीवर, म्हणजे तेंदूपानं गोळा करायच्या जागी, पानं मोजून झाली, वाळत पडली होती, आणि अवकाळी पाऊस आला. कंत्राटदार म्हणे माल तुमचा होता, गाव म्हणे मोजून दिला होता. करारनामा काढला, तर त्यात याबद्दल एक ओळ नाही. गावाचं नुकसान झालं.

१९३० च्या माल विक्री कायद्यात साधा नियम आहे. वेगळं ठरलं नसेल, तर मालकी ज्याच्याकडे गेली, जोखीमही त्याच्याकडे जाते. मग मालकी कधी गेली, हेच करारात लिहिलं पाहिजे. पुढच्या वर्षी ग्रामसभेत बसून आम्ही मराठीत करारनामा लिहिला. मोजणी होऊन पावती फाटली की माल कंत्राटदाराचा. रक्कम तीन टप्प्यांत, आणि दुसरा टप्पा आल्याशिवाय वाहतूक पास नाही. त्याआधी मजुरी, बोद भराई (पानं पोत्यांत भरणं), राखणदार, सगळा खर्च मांडून गोणीमागे किती पडतो ते फळ्यावर काढलं होतं, कारण त्याच्या खालचा भाव घ्यायचाच नाही हे आधी ठरायला हवं होतं. म्हाताऱ्या बायांनी त्यात दोन खर्च सांगितले, जे माझ्या लक्षातच आले नव्हते.

रिसोड, बारावी कॉमर्स

सर्वांना नमस्कार. माझे दोन प्रश्न आहेत. बीबीए एलएलबी करता करता बाहेरून एमबीए करता येईल का? आणि तीन वर्षांनी जमलं नाही तर बीबीएची डिग्री घेऊन निघता येतं का? आमच्या इथे सांगणारं कोणी नाही.

फाईलवाला

रिसोडच्या ताई, दोन्हीचं उत्तर नाही असं आहे, आणि हे प्रवेशाआधी कळणं फार गरजेचं आहे. बार कौन्सिलचे २००८ चे कायदेशिक्षणाचे नियम आहेत. कायद्याच्या पदवीसोबत दुसरी नियमित पदवी चालत नाही, भाषा किंवा कॉम्प्युटरसारखे छोटे प्रमाणपत्र कोर्स आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचे कोर्स चालतात, पण एमबीएला आधी हातात पदवी लागते. युजीसीनं २०२२ मध्ये एकावेळी दोन पदव्यांना मोकळीक दिली, ती पाहून बरेच जण गोंधळतात. वकील व्हायचं असेल तर बार कौन्सिलचा नियम पाळावा लागतो. दुसरं, पाच वर्षांचा कोर्स मध्येच तोडून अर्धी पदवी मिळत नाही आणि मधूनच कोणाला त्यात शिरताही येत नाही. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. पाच वर्षांत मिळून किमान २० आठवडे इंटर्नशिप, तीही एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. हे सगळं घरी बसवून सांगा, मग फॉर्म भरा.

चांदूरचा

फाईलवाल्या दादांनी सांगितलं तेच माझ्या जिवलग मित्राबाबत घडलं. चौथ्या वर्षाला त्याचे वडील गेले. पाच एकर कोरडवाहू, पाठीमागे दोन बहिणी. तो परत आला तो आलाच. सात सेमिस्टर पास, आणि हातात एकही पदवी नाही. बारावी पास म्हणून तो नोकरीचे अर्ज भरत होता, ते मी शेजारी बसून पाहिलंय.

म्हणून माझं मत वेगळं आहे आणि ते मी मनापासून सांगतो. घरची घडी पक्की असेल तर पाच वर्षांचा कोर्स घ्या. नसेल तर तालुक्याला बीकॉम करा आणि मग तीन वर्षांचं एलएलबी. एक वर्ष जास्त जातं, पण तिसऱ्या वर्षी एक पदवी खिशात असते. मी तसंच केलं. मधली दोन वर्षं अडतीत दिवाणजी होतो. हर्रास, तोलाई, हमाली, कट्टी, शेतकऱ्याच्या पट्टीतून काय काय कापलं जातं आणि बाजार समितीच्या १९६३ च्या कायद्यानं काय कापता येतं, हे मी त्या गादीवर शिकलो. एलएलबीला मात्र हजेरीमुळे नोकरी सोडावी लागली. कायद्याचे वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात यातच भरवायचे असा नियम आहे, रात्रीचं कॉलेज नाही. ते वर्ष फार कठीण गेलं.

वणीकडची आई

मी बोलली अन् पोरीनं लिहिलं. मले धाग्याचं काही समजत नाही, पण आईबापानंही लिहावं म्हणतलं म्हणून.

पोरगी नागपूरले होस्टेलवर राह्यते, चौथं वर्ष हाय. शिष्यवृत्तीचे कागदं जमवता जमवता माहे पायाचे तुकडे पडले. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, जात वैधता. वैधतेले लय टाइम लागते, ते बारावीतच टाकून ठेवा, हे सगळ्या आयांनं ध्यानात ठेवा. होस्टेल नाही भेटलं त पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता हाय, बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार हाय. आपापल्या जातीले कोणती लागू हाय ते विचारा. पह्यल्या वर्षी आम्हाले हे कोणी सांगतलंच नाही, एका वर्षाचे पैसे गेले.

आमचं दोन एकर वावर २०१२ मध्ये सावकाराच्या नावानं झालं. ऐंशी हजार घेतले होते. "पैसे देल्ले का पलटवून देतो" असं तोंडी बोलला, कागदावर पक्की विक्री. पैसे फेडले तरी वावर देल्लं नाही. तिच्या बाबानं आशा सोडली होती. पोरीनं वाचलं का २०१४ चा सावकारी कायदा हाय, त्याच्या कलम १८ मध्ये सावकारीतून बळकावलेली जमीन परत मागता येते, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला पायजे. मंग तिनं देवघरातल्या डब्यातून सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. कधी किती घेतले, कधी किती देल्ले, व्याज किती झालं, एका मोठ्या कागदावर हिशेब मांडला, जसा कॉलेजात अकाउंट शिकोते तसा. तो अर्जाले जोडून जिल्हा उपनिबंधकाकडे देल्ला. सुनावणी चालू हाय. दोन तारखा झाल्या. साहेबानं तो हिशेब हातात घेऊन पूर्ण वाचला, हे मी डोळ्यानं पाह्यलं.

दालमिल

अकोल्याजवळ आमच्या घरची भागीदारीत दालमिल होती. भागीदारी पत्र होतं, पण फर्मची नोंदणी केलेली नव्हती. एका खरेदीदारानं तूरडाळीचे पैसे बुडवले, तेव्हा १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ आडवं आलं. नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. मी दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत आमच्या घरात हे कोणाला ठाऊक नव्हतं. भागीदारीत धंदा करणाऱ्या प्रत्येक घरानं आपली नोंदणी आजच पाहावी.

मेहकरचा सोयाबीनवाला

शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप शहरातल्या मोठ्या ऑफिसात न करता आमच्याच भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीत केली. वर्गमित्रांना ते पटलं नाही, मला अजूनही पटतं.

अशी कंपनी दहा शेतकरी मिळून काढू शकतात, संचालक किमान पाच लागतात. २००२ मध्ये ही तरतूद कंपनी कायद्यात आली, आता २०१३ च्या कायद्यात कलम ३७८ ए पासून पुढे आहे. शेअर कितीही असोत, प्रत्येक शेतकऱ्याला एकच मत. सोसायटीसारखी वागणूक आणि कंपनीसारखी शिस्त, असं ते मिश्रण आहे. अडचण शिस्तीच्या बाजूनं येते. संचालक सगळे जाणते शेतकरी, मालाची पारख पक्की, सोयाबीन दाताखाली फोडून ओलावा सांगणारे. पण वार्षिक सभा झाली की ताळेबंद आणि वार्षिक विवरण ठरल्या मुदतीत ऑनलाइन भरावं लागतं, हे त्यांना कंपनी काढून देणाऱ्यांनी नीट सांगितलंच नव्हतं. उशिराला एका फॉर्मला दिवसाला शंभर रुपये. दोन फॉर्म, दोनशे दिवस, चाळीस हजार. त्या वर्षी चाळणी यंत्राच्या दुरुस्तीला काढून ठेवलेले पैसे त्यात गेले. अध्यक्ष काका मला म्हणाले, "बेटा, चोरी नाही केली, लबाडी नाही केली, तरी दंड?" त्यांना समजावताना माझा आवाज बसला.

मी त्यांच्यासाठी वर्षाचं एक कॅलेंडर केलं, पेरणी-कापणीच्या महिन्यांशी जुळवून. सोयाबीन निघायच्या धांदलीत सभा अडकू नये म्हणून सभेची तयारी श्रावणातच. आता अशा चार कंपन्यांचं काम मी मेहकरात बसून बघतो. पैसा शहराएवढा नाही, पण घर चालतं.

ज्युनिअर, अचलपूर

पास होऊन दीड वर्ष झालं. सनद घेताना एक दिलासा मिळाला. ३० जुलै २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर नोंदणी शुल्क खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. पूर्वी हजारो रुपये लागायचे. त्याच महिन्यात, १ जुलैला, भारतीय दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली. चार वर्षं पाठ केलेले कलमांचे आकडे बदलले, पुन्हा सगळं बसवावं लागलं. सिनिअर महिन्याला प्रवासापुरतं देतात. न्यायाधीश व्हायचं म्हणाल तर २०२५ च्या मे महिन्यापासून तीन वर्षांची वकिली आधी लागते. म्हणजे ही वर्षं काढावीच लागणार. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दर सणाला प्रश्न येतो.

रिसोड, बारावी कॉमर्स

सगळं आईबाबांना वाचून दाखवलं. वणीच्या काकूंचं दोनदा वाचलं. बाबा काल तहसीलला जाऊन वैधतेच्या कागदांची यादी घेऊन आले. वैनगंगेकाठच्या दादा, त्या वह्यांच्या झेरॉक्स मला मिळतील का? खर्च मी देते.

वैनगंगेकाठचा

मिळतील. चारही वह्या कुरखेड्यातच आहेत, बाजाराच्या दिवशी झेरॉक्स काढतो. पोस्टाचं मी बघतो. तुम्ही त्यात पाचवी जोडा, वाशिमकडच्या शब्दांची.