प्रतिसाद: आधी ओल, मग लेथ

जुन्या गॅरेजच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींना आतून वॉटरप्रूफ रंग मारून लगेच लेथ (कातकामाचं यंत्र) बसवणार म्हणताय, जरा थांबा. चिरा पाणी पितो. बाहेरून गिलावा नसेल आणि पागोळ्या भिंतीशीच पडत असतील, तर आतला रंग श्रावणापर्यंत पापडासारखा सुटतो. गुहागरला आमच्या शेडचं तेच झालं. रंध्याच्या पात्यावर चार दिवसांत तांबूस गंज! वडिलांच्या सांगण्यावरून गोडेतेल लावलं (नाही कोण म्हणणार?), तर ते चिकट होऊन भुसा धरून बसलं. आता पात्यांना मशीन ऑइलचा हात देतो आणि हत्यारांच्या पत्र्याच्या कपाटात १५ वॅटचा जुना, तारेचा बल्ब पेटता ठेवतो, त्याच्या उबेने ओल धरत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, वाळवीची माती लगेच दिसते. अर्थिंग आणि ३० मिलिअँपची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) मात्र लेथच्या आधी.