जुन्या लॅपटॉपने वायफाय पकडून केबलने डेस्कटॉपला नेट द्यायचंय, पण ब्रिज चालत नाही

वरचामजला:
राऊटर खाली, डेस्कटॉप वर. डेस्कटॉपला वायफाय नाही आणि वरपर्यंत केबल ओढायची सोय नाही. विंडोज १० चा, ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पडून आहे. लॅन पोर्ट चांगला आहे, बॅटरी मेलेली. नेटवर्क कनेक्शन्समध्ये वायफाय आणि इथरनेट दोन्ही निवडून 'ब्रिज' केलं (म्हणजे दोन्ही जोडण्या एकत्र केल्या), तर डेस्कटॉपला नेट येत नाही आणि मधूनच लॅपटॉपचंही जातं. पुढेमागे आणखी एक संगणक जोडायचा आहे. काय करावं?

तारजोड:
आधी तो ब्रिज काढून टाका. वायफायने जोडलेल्या लॅपटॉपकडून राऊटर फक्त त्या लॅपटॉपच्याच मॅक पत्त्याचा (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाचा) डेटा घेतो. ब्रिजमध्ये डेस्कटॉप स्वतःचा मॅक पत्ता घेऊन पुढे जायला बघतो आणि राऊटर त्याला दारातच अडवतो. त्यामुळे बहुतेक कार्डांवर हा प्रकार चालतच नाही. तुम्हाला हवंय ते शेअरिंग. त्यात डेस्कटॉपची सगळी मागणी लॅपटॉप स्वतःच्या नावावर पुढे पाठवतो.

नेटवर्क कनेक्शन्समध्ये वायफायवर राइट क्लिक करा (इथरनेटवर नाही, इथेच बहुतेकांचं उलटं होतं), प्रॉपर्टीज, मग 'शेअरिंग' टॅब. पहिल्या चौकोनात टिक करा आणि खालच्या यादीत इथरनेट निवडा. लॅपटॉपच्या लॅन पोर्टला आपोआप १९२.१६८.१३७.१ हा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळेल. डेस्कटॉपवर आयपी आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) दोन्ही 'ऑटोमॅटिक' ठेवा.

आता खरी डोकेदुखी: लॅपटॉप रीस्टार्ट झाला की टिक दिसते, पण शेअरिंग बंद पडलेलं असतं. सर्व्हिसेसमध्ये 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' ऑटोमॅटिक करा. मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा, 'रेजएडिट'ने उघडतो) लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, शेअर्डअ‍ॅक्सेस या मार्गाने जा (शेवटची की नसेल तर बनवा). तिथे 'एनेबलरीबूटपर्सिस्टकनेक्शन' नावाची ३२ बिटची डीवर्ड व्हॅल्यू करून तिला १ द्या. नाव अर्थात इंग्रजीत, सलग, मधे जागा न सोडता. दोन्ही केलं तरच उपयोग.

पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर 'काहीच करू नका', स्लीप 'कधीच नाही', आणि वायरलेस अ‍ॅडॉप्टरचं पॉवर सेव्हिंग 'मॅक्झिमम परफॉर्मन्स'. हे शेवटचं राहिलं की नेट अधूनमधून अडखळतं आणि दोष राऊटरला लागतो.

पेंग्विनवाला:
वरचं सगळं बरोबर, पण मी असतो तर त्यावर विंडोज ठेवलंच नसतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि हे यंत्र चोवीस तास चालू राहणार आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबीत आरामात चालते. नेटवर्क सेटिंग्जमध्ये वायर्ड कनेक्शन उघडा आणि आयपीव्ही४ ची पद्धत 'शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स' करा. संपलं. लॅपटॉपला १०.४२.०.१ मिळतो आणि रीस्टार्टनंतरही टिकतो. डेस्कटॉपला आयपी मिळत नसेल तर डीएनएसमास्क-बेस हे पॅकेज आहे का बघा. फायरवॉल चालू असेल तर त्या लॅन पोर्टवर यूडीपी ६७ (आयपी वाटपासाठी) आणि ५३ (डीएनएससाठी) ला वाट द्या.

सिग्नलफुल्ल:
वेगाचं कोणी बोललं नाही. कार्ड ८०२.११जी काळातलं असेल तर डब्यावर ५४ एमबीपीएस लिहिलेलं असलं तरी हातात २० ते २५ च पडतात. लॅन पोर्ट १००चा असेल तर तिथेही ९५ च्या आत. आधी लॅपटॉपवर स्पीड टेस्ट घ्या, मग डेस्कटॉपवर. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर शेअरिंग ठीक आहे, अडचण कार्डात आहे. ५ गीगाहर्ट्झचा यूएसबी डोंगल लावा, शक्यतो एक्स्टेंशन केबलवर, लॅपटॉपच्या अंगापासून जरा दूर. (तोच डोंगल थेट डेस्कटॉपला लावला तर लॅपटॉप लागतोच कशाला, हाही प्रश्न विचारून घ्या. अर्थात दोन संगणकांना द्यायचं असेल तर लॅपटॉप परवडतो.)

आणि बॅटरी फुगलेली असेल तर काढून टाका. बरेच जुने लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात. मात्र लाइट गेली की बंद पडेल. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर ती चालू करा.

वरचामजला:
ब्रिज काढला, शेअरिंग केलं. डेस्कटॉपचा आयपी १६९.२५४ ने सुरू होतोय.

तारजोड:
म्हणजे लॅपटॉप आयपी वाटत नाहीये. शेअरिंगची टिक काढा, ओके, पुन्हा टिक करा. लॅपटॉपवर वेगळा अँटीव्हायरस असेल तर त्याची फायरवॉल थोडा वेळ बंद करून पाहा. तरीही नाही आलं तर डेस्कटॉपवर हाताने भरा: आयपी १९२.१६८.१३७.२, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१३७.१, डीएनएस ८.८.८.८.

दुसऱ्या संगणकासाठी मधे साधा स्विच टाका, सेटिंग काही नाही. स्विचऐवजी जुना राऊटर वापरणार असाल तर त्याचा डीएचसीपी (आयपी वाटण्याची सोय) बंद करा आणि केबल लॅन पोर्टांतच लावा. वॅन पोर्ट रिकामा सोडा.