ब्लू होलमध्ये डाईव्ह : दहाब की बेलिझ?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी, अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर (१८ मीटरपर्यंतचा पहिला स्कुबा) कोर्स झालाय, नंतर मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर थोड्या डाईव्ह केल्यात, बाकी सराव म्हणजे आपला सावरकर तलाव 😀 आता मी आणि मावसभाऊ ब्लू होलचा, म्हणजे समुद्रातल्या त्या खोल गोल खड्ड्याचा, विचार करतोय. बेलिझचा तो वरून काढलेला गोल निळा फोटो बघून डोक्यात किडा शिरलाय, पण तिकिटाचे आकडे बघून डोळे पांढरे झाले, म्हणून इजिप्तमधलं दहाब बघतोय. १८ मीटरच्या सर्टिफिकेटवर तिथे उतरता येतं का? आणि ते खरंच एवढं डेंजर आहे का, कारण आईने यूट्यूबवर काहीतरी बघितलंय आणि जेवताना रोज तोच विषय.

खोलपाणी:
आई चुकीचं काही बघत नाहीये. पण तिथे माणसं मरतात ती बहुतेक आर्चपायी. आर्च म्हणजे साधारण ५५ मीटरवर खडकात एक बोगदा आहे, २५ मीटरच्या आसपास लांब, त्यातून बाहेर समुद्रात निघता येतं. पाणी इतकं स्वच्छ की पलीकडचा उजेड हाताच्या अंतरावर वाटतो, म्हणून लोक एका सिलिंडरवर साध्या हवेवर निघतात, आणि ३० मीटरखाली नायट्रोजनची गुंगी चढायला लागते तेव्हा आपलं डोकं चालत नाहीये हे कळायलाही डोकं लागतं ना. हिशोब बघ, ४० मीटरवर दाब पाचपट, म्हणजे वरती तासभर पुरणारी हवा तिथे बारा मिनिटांत खलास. शेजारच्या कड्यावर गेलेल्यांच्या नावाच्या पाट्या लावल्यात, मावसभावाला पाण्यात उतरायच्या आधी तिथे घेऊन जा.

तुमच्यासाठी चांगली डाईव्ह म्हणजे बेल्स. होलच्या जरा उत्तरेला रीफमध्ये अरुंद फट आहे, त्यातून खाली जात जवळपास ३० मीटरवर भिंतीबाहेर निघायचं, मग भिंत उजव्या हाताला ठेवून सावकाश वर येत येत सॅडलवरून, म्हणजे होलच्या काठावरच्या उथळ उंबरठ्यावरून, होलमध्ये शिरायचं. सॅडल फक्त ६-७ मीटरवर आहे. याला ॲडव्हान्स्ड, म्हणजे ३० मीटरपर्यंतचा पुढचा कोर्स, लागेलच. ते नसेल तर सॅडल आणि आजूबाजूचं कोरल १८ मीटरच्या आत बघा, तेही भारी आहे, फक्त बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका खोलीवर तरंगत राहणं, पक्की पाहिजे कारण भिंतीपाशी पायाखाली तळच नसतो.

पंचवटीवाली_मृणाल:
बेलिझ केलंय, खरं सांगू का, फोटोतच छान दिसतं. ३०० मीटर रुंद, १२० मीटरच्या वर खोल. हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हाची ही गुहा, नंतर छत कोसळलं आणि पाणी भरलं. ४० मीटरच्या आसपास झुंबरासारखे लटकलेले चुनखडीचे खांब दिसतात, ते मात्र बघताना अंगावर काटा येतो, पाण्याखाली असे खांब तयारच होत नाहीत, म्हणजे इथे एके काळी कोरडं होतं. पण तेवढ्या खोलीवर डाईव्ह टेबलप्रमाणे (किती खोलीवर किती वेळ थांबायचं त्याचा तक्ता) जेमतेम आठ-नऊ मिनिटं, त्यातली दोन खाली जाण्यातच जातात. मासेही फार नाहीत, ९० मीटरच्या सुमारास तर हायड्रोजन सल्फाईडचा थर आहे, त्याखाली ऑक्सिजनच नाही. त्याच ट्रिपमधली ‘हाफ मून की’ बेटाजवळची भिंत मला दहापट आवडली.

गंगापूररोडकर:
मृणालताई, पैसे वाचवलेत 🙏 मग दहाबच फिक्स. ॲडव्हान्स्ड नेत्राणीलाच उरकून जावं का? शेवटची डाईव्ह करून त्याच रात्री गाडी काढली की सकाळी घरी.

खोलपाणी:
ॲडव्हान्स्ड कर, पण रात्रीची गाडी विसर. नाशिक जवळपास ६०० मीटर उंचीवर आहे आणि मध्ये घाट लागतोच, उंचीवर हवेचा दाब कमी होतो, म्हणून आधी अंगातला नायट्रोजन निघायला वेळ द्यावा लागतो. मुरुडेश्वरला एक मुक्काम वाढव, मासे खा. दहाबहून परततानाही शेवटच्या डाईव्हनंतर विमानाआधी निदान १८ तास ठेव. आणि दोघांना वेगवेगळा डाईव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र) घ्या, भाड्याने मिळतो. गाईडला किनाऱ्यावरच विचारा की किती खोल, किती हवा उरली की वळायचं. तो आर्चचं नाव काढून डोळा मारायला लागला तर सरळ दुसरा गाईड बघा.