दक्षिण सुदानचा राष्ट्रीय चर्च मेळावा जुबात नको

दूरचा_वाटसरू
युद्धातून उठू पाहणाऱ्या देशात चर्चने राष्ट्रीय मेळावा भरवायचा, तर तो राजधानीत भरवू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस, अँग्लिकन आर्चबिशप जस्टिन वेल्बी आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचे मॉडरेटर (सभाध्यक्ष) एकत्र राजधानी जुबाला गेले. दक्षिणेच्या लढ्याचे नेते जॉन गरांग यांच्या समाधीपाशी हजारो लोक एकत्र प्रार्थनेला बसले. पण पाहुणे पोचायच्या आदल्याच दिवशी देशातल्याच काजो-केजी भागात किमान २७ माणसं मारली गेली होती.

याउलट १९९९ चं वुनलिट बघा. १९९१ मध्ये एसपीएलए ही दक्षिणेची बंडखोर सेना फुटल्यापासून डिंका आणि नुएर या जमाती एकमेकांच्या जिवावर उठलेले. न्यू सुदान कौन्सिल ऑफ चर्चेसने त्यांना वुनलिट या खेड्यात बोलावलं. त्यासाठी झोपड्या उभारल्या. पांढरा बैल बळी देऊन सुरुवात झाली. मग एकेका बाजूने आपलं दुःख सगळं सांगायचं, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं. कुरणं, पाणवठे, पळवून नेलेल्या बायका-मुलांना परत पाठवणं, सगळं ठरलं. मेळावा म्हणतात तो हा.

वसईकर
साफ असहमत. कुरणांचे करार गावकरी पाळतील हो, पण बंदुका कोणाच्या हातात आहेत? डिसेंबर २०१३ चं युद्ध गुरांवरून पेटलं नाही, ते जुबातच सैनिकांमध्ये पेटलं. भांडण राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांचं. म्हणजे त्या दोघांना हजारो भाविकांसमोर उभं करणं हेच चर्चचं काम. खेड्यात मेळावा भरवला की पुढारी सुटले!

दूरचा_वाटसरू
एप्रिल २०१९ मध्ये व्हॅटिकनमध्ये पोपनी वाकून त्यांच्या पायांचं चुंबन घेतलं. मार्च २०२५ मध्ये माचार नजरकैदेत. अजून किती वाकायचं?

वसईकर
मधलं २०२० चं कीर-माचार यांचं एकत्रित सरकार विसरलात. ते पोपमुळेच आलं असं मी म्हणत नाही, पण पुढाऱ्यांना सोडून देऊन तरी काय हाती लागणार?

रानजाई
तुम्ही दोघंही येणाऱ्या माणसाचा विचारच करत नाही आहात. पावसाळ्यात जोंगलेई राज्यातले रस्ते चिखलात जातात. जुबाचं विमान बिशपांना परवडेल, विधवेला नाही. आणि खेड्यात भरवायचं तर हजार पाहुण्यांना जेवायला कोण घालणार, ते गावच उपाशी असताना? मला २०२३ मधली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते: रुम्बेक शहरातून तरुण मुलं-मुली बिशपांबरोबर जुबापर्यंत चालत गेली, वाटेत गावोगाव थांबत. मेळावा असा चालताही करता येतो.

दूरचा_वाटसरू
रानजाई, हे पटलं. कोरड्या हंगामात निघायचं. पण वाट जोंगलेईतल्या बोर शहरात संपू दे. १९९१ मध्ये तिथे डिंकांची कत्तल झाली, एप्रिल २०१४ मध्ये तिथल्याच संयुक्त राष्ट्रांच्या तळात आसऱ्याला आलेल्या नुएरांची. दोघांचेही मृत त्याच मातीत आहेत.

वसईकर
आणि बोरला जायची हिंमत कुठला नुएर करेल? वुनलिटला निदान एसपीएलएचं संरक्षण होतं. आज ते मागायचं कोणाकडे?

दूरचा_वाटसरू
वुनलिटच्या आधी दोन्हीकडचे मुखिया एकमेकांच्या मुलखात जाऊन आले होते. चर्चने आधी त्या भेटी घडवाव्यात, तारीख नंतर. त्यात दोन वर्षं गेली तरी चालेल.