पाळीपत्रकाच्या गणितात आरोग्य कुठे बसवावे?

प्रश्न : पाळीपत्रक

नमस्कार. मी व्यवस्थापनशास्त्रात पीएचडी करते आहे आणि चोवीस तास चालणाऱ्या एका सेवा केंद्रातील कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आखण्याचे गणिती मॉडेल हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. सुरुवातीचे मॉडेल सरळ होते. प्रत्येक तासाला किती माणसे हवीत हे ठरलेले, प्रत्येक पाळीचा खर्च ठरलेला, आणि एकूण खर्च कमीत कमी यावा एवढीच अपेक्षा. त्यात कर्मचाऱ्यांचे आरोग्य आणायचे ठरवले आणि अडचणींना सुरुवात झाली.

माझ्या मार्गदर्शकांच्या मते थकव्याचा एक निर्देशांक घ्यावा, त्याला योग्य वाटेल ते वजन द्यावे आणि तो खर्चात मिळवावा. सहमार्गदर्शक व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या आहेत. आजारपणाची पैशांतली किंमत मॉडेल लिहिणाऱ्याने परस्पर ठरवावी, याला त्यांची हरकत आहे. प्रगतीच्या आढाव्यात गणिताच्या प्राध्यापकांनी तिसराच मुद्दा काढला : थकवा पाळ्यांच्या साध्या बेरजेने वाढत नाही, त्यामुळे तो लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे सगळी सूत्रे साध्या बेरजेची असणाऱ्या गणिती पद्धतीत, बसणारच नाही. तिन्ही आक्षेप मला पटतात आणि म्हणूनच काम अडले आहे. हा प्रबंध नेमका कोणत्या विषयाचा, असेही मला विचारण्यात आले.

दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. माझ्याकडच्या हजेरी-रजेच्या नोंदींत दहा वर्षांहून अधिक काळ रात्रपाळी करणारे कर्मचारी नव्या रात्रपाळीवाल्यांपेक्षा आजारपणाच्या रजा कमी घेतात. ही आकडेवारी मॉडेलला दिली, की ते जवळजवळ सगळ्या रात्रपाळ्या याच जुन्या मंडळींच्या माथी मारते. आकडेमोडीत चूक नाही, हे मी तीनदा तपासले. तरीही उत्तर खरे वाटत नाही. शरीराला रात्रपाळीची सवय होते, असा याचा अर्थ घ्यावा का?

उत्तर १ : नोंदवही

आपली शंका रास्त आहे आणि ती अर्धवट सोडू नये, कारण या ठिकाणी चूक झाली तर मॉडेल जितके अचूक होईल तितके ते अधिक अपाय करील.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रात्रपाळीवर १०० जण रुजू झाले. त्यांतल्या ७० जणांना जागरण बरे सोसते आणि ते वर्षाला आजारपणाच्या ४ रजा घेतात. उरलेल्या ३० जणांना ते सोसत नाही आणि त्यांच्या १४ रजा होतात. सरासरी निघते ७. दहा वर्षांत हे ३० जण नोकरी सोडतात किंवा दिवसपाळीवर बदली मागून घेतात. मागे राहिलेल्या ७० जणांच्या रजा जागरणामुळे ४ वरून ५ झाल्या आहेत, म्हणजे प्रत्येकाची प्रकृती थोडी का होईना बिघडली आहे. पण आपल्या तक्त्यात नव्यांची सरासरी ७ आणि जुन्यांची ५ दिसते, आणि वाचणारा समजतो की रात्रपाळी मानवली.

एपिडेमिऑलॉजीत, म्हणजे लोकसमूहांतल्या आजारांच्या अभ्यासात, याला निरोगी कामगार परिणाम म्हणतात. अंगमेहनतीच्या कामांतून अशक्त माणसे आपोआप बाहेर पडतात आणि त्यामुळे त्या व्यवसायांचा मृत्युदर फसवा दिसतो, हे विल्यम ओगल यांनी १८८५ मध्येच नोंदवले होते. नेहमीचा उपाय म्हणजे आधीचे आजारपण रिग्रेशनमध्ये (अनेक घटकांचा परिणाम वेगळा काढणाऱ्या संख्याशास्त्रीय सूत्रात) घालून तुलना समान पातळीवर आणणे. तो इथे पुरत नाही. पूर्वीचे आजारपण हे पुढे रात्रपाळी सुटण्याचे कारण असते आणि त्याच वेळी आधीच्या रात्रपाळीचा परिणामही असते. ते वगळले तर तुलना बिघडते, आणि घातले तर ज्या वाटेने रात्रपाळी माणसाला आजारी पाडते ती वाटच आपण हिशेबातून पुसून टाकतो. हा पेच सोडवणारी रीत जेम्स रॉबिन्स यांनी १९८६ मध्ये मांडली. निरोगी कामगार टिकून राहण्याच्या परिणामावरचा तो लेख गणिती मॉडेलिंगच्या नियतकालिकात आला होता. आपला प्रबंध कोणत्या विषयाचा, असे पुन्हा कोणी विचारले तर हे उदाहरण जरूर द्यावे.

करायचे काम मात्र नोंदींपासून सुरू होते. आज कामावर असलेल्यांची यादी घेऊन मागे जाऊ नका. रुजू झालेल्या प्रत्येकाची यादी घेऊन पुढे या. बदली झालेले, सोडून गेलेले, दीर्घ रजेवर गेलेले सगळे तीत हवेत. सोडून गेलेल्यांच्या नोंदी मिळत नसतील, तर रात्रपाळीच्या वाटपासाठी ही आकडेवारी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ : रांगगणित

वरील उत्तराशी सहमत असल्यामुळे मी मॉडेलच्या रचनेपुरतेच लिहितो.

थकवा बेरजेने वाढत नाही, हे प्राध्यापकांचे म्हणणे बरोबर आहे. अलेक्झांडर बोर्बेली यांच्या १९८२ च्या मॉडेलप्रमाणे झोपेची गरज दोन प्रक्रियांनी ठरते : जागे राहू तसतसा वाढत जाणारा दाब आणि शरीराच्या घड्याळाची चोवीस तासांची लय. त्यामुळे लागोपाठ पाच रात्री आणि महिनाभर विखुरलेल्या पाच रात्री या सारख्या नसतात. महत्त्व क्रमाला असते. परंतु एवढ्यावरून लिनिअर प्रोग्रॅमिंग बाद होत नाही. टोलनाक्यावरच्या माणसांच्या पाळ्यांचा प्रश्न जॉर्ज डँट्झिग यांनी १९५४ मध्ये ज्या रीतीने मांडला, तीत प्रत्येक संभाव्य पाळी हा एक स्तंभ असतो आणि तो किती वेळा घ्यायचा एवढेच मॉडेल ठरवते. हीच कल्पना पुढे न्या आणि एका माणसाचे संपूर्ण महिन्याचे पत्रक हा एक स्तंभ धरा. त्या पत्रकातला थकवा कितीही वाकड्या सूत्राने निघत असला, तरी तो स्तंभ तयार करतानाच मोजून होतो. मुख्य प्रश्नाला फक्त एक आकडा दिसतो आणि तो रेषीयच राहतो. स्तंभ लाखोंनी होतील हे खरे, पण लागतील तेवढेच तयार करण्याची पद्धत, म्हणजे कॉलम जनरेशन, याच कामासाठी आहे.

आता वजनाचा प्रश्न. आपल्या सहमार्गदर्शकांची हरकत मी योग्य मानतो, कारण थकवा खर्चात मिळवला की पुरेशी बचत दिसताच मॉडेल कोणाचीही प्रकृती पणाला लावायला मोकळे होते. थकव्याची मर्यादा बंधन म्हणून घाला, ती थोडी थोडी घट्ट करत मॉडेल पुन्हा पुन्हा सोडवा आणि प्रत्येक वेळी खर्च किती वाढतो त्याचा आलेख काढा. म्हणजे आरोग्याची किंमत आपण आत घातलेली नसते. मर्यादा पाळायला किती खर्च येतो ते उत्तरातून बाहेर येते, आणि निर्णय ज्यांनी घ्यायचा त्यांच्यासमोर तो उघडपणे ठेवता येतो. माणसे पूर्ण संख्येतच घ्यावी लागणाऱ्या अशा पूर्णांकी प्रश्नात नुसत्या ड्युअल किमतींवर (मर्यादा किंचित बदलली तर खर्च किती बदलेल हे सांगणाऱ्या आकड्यांवर) विसंबू नये, म्हणून प्रत्यक्ष पुन्हा सोडवण्याचा आग्रह.

यापेक्षाही एक मोठी गोष्ट आपल्या मॉडेलमध्ये राहून गेली आहे असे मला वाटते. प्रत्येक तासाला लागणारी माणसे आपण ठरलेली धरली आहेत. थकलेला माणूस सावकाश काम करतो, म्हणजे ती संख्या पाळीपत्रकावरच अवलंबून असते. सर्वांत साधी रांग घ्या : एकच कर्मचारी, कामे येण्याच्या वेळा यादृच्छिक आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळही तसाच. तो ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर केंद्रात सरासरी ४ कामे असतात, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. आता ९० टक्क्यांवर चाललेल्या माणसाचा वेग थकव्यामुळे फक्त ५ टक्क्यांनी उतरला, तर ९ ची थेट १८ कामे होतात. मॉडेलने जी बचत दाखवली ती रांगेत वाढून परत आली. आरोग्य हा व्यवसायाच्या हिशेबाबाहेरचा विषय आहे, हे गृहीतक इथेच मोडते, आणि माझ्या दृष्टीने आपल्या प्रबंधाचा खरा गाभा हा असायला हवा.

पाळीपत्रक

दोघांचेही मनापासून आभार. नोंदींचा मुद्दा वाचून धक्का बसला, कारण बदली झालेल्यांना मी नमुन्यातून स्वतः वगळले होते. त्यांच्यामुळे आकडेवारी अस्वच्छ होते असे मला वाटले होते. एक शंका उरते. थकव्याची मर्यादा सर्वांच्या सरासरीवर घालावी की प्रत्येकावर?

उत्तर ३ : कार्यस्थळ

प्रत्येकावर. सरासरीवर घातलेली मर्यादा आठ जणांना आराम देऊन दोघांना झिजवूनही पाळता येते, आणि खर्च कमी करू पाहणारे मॉडेल नेमके तेच करील. मर्यादेच्या आतही सर्वाधिक थकलेल्या माणसाचा थकवा कमीत कमी राहावा, असे दुसरे उद्दिष्ट ठेवावे.

मात्र वरच्या उत्तरात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. सगळ्याच मर्यादा आलेखावर सरकवून पाहण्याजोग्या नसतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अंदाजानुसार आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळतो. अशी मर्यादा ओलांडल्यास किती बचत होईल, हे मोजण्याचीही गरज नाही; ती मॉडेलमध्ये पक्की असावी.

दुसरे असे, की रजा म्हणजे आरोग्य नव्हे. आजारी असूनही कामावर येणारे लोक रजेच्या तक्त्यात धडधाकट दिसतात. झोप, स्नायूंचे दुखणे आणि कामाचा ताण यांची छोटी प्रश्नावली ठरावीक अंतराने भरून घेता आली तर ती रजेच्या दहा वर्षांच्या नोंदींपेक्षा अधिक सांगेल. पण ती उत्तरे पाळ्या लावणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती जाता कामा नयेत. मॉडेलला अमुक व्यक्तीला लागोपाठ किती रात्री चालतील एवढेच कळावे. कारण कळण्याचे काहीच प्रयोजन नाही. हे जपले नाही तर पुढच्या वेळी कोणी खरे लिहिणार नाही.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडले, की कामाची मागणी जास्त आणि निर्णयाचे स्वातंत्र्य कमी, हा संयोग ताणाला सर्वाधिक कारणीभूत ठरतो. तो लेख प्रशासनशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. आपल्या मॉडेलमध्ये मागणी आहे, स्वातंत्र्य कुठेच नाही. कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेल्या चार रात्री आणि आदल्या दिवशी माथी आलेल्या चार रात्री तुमच्या निर्देशांकात एकच आकडा देतात. पसंतीक्रम आणि पत्रक किती दिवस आधी जाहीर होते, या दोन गोष्टी बंधनांत आणणे गणिताने अवघड नाही.

पाळीपत्रक

पसंतीक्रमाचा विचार मी केवळ सोयीची बाब म्हणून बाजूला ठेवला होता. तो आता मॉडेलमध्ये आणते आहे. बदल्यांची नोंद वेगळ्या विभागाकडे असल्याचे आज समजले आणि ती मिळावी म्हणून अर्ज दिला आहे. ती जोडून होईपर्यंत रात्रपाळीच्या वाटपावरचे प्रकरण मी मार्गदर्शकांकडून परत मागवून घेतले आहे. रांगगणित यांनी सांगितलेला वेगाचा मुद्दा मात्र आधीच करून पाहता येईल, कारण प्रत्येक कामाला लागलेल्या वेळाची तासागणिक नोंद माझ्याकडे आहे. पहाटे तीन ते पाच या वेळेपासून सुरुवात करते.