कॉमिक, दुकानाची पाटी, तालमीची भिंत: चित्रकाराने इथून शिकायचं नाही का?

तिकटीवरची
कोल्हापुरातच चित्रकला शिकतेय, तिसरं वर्ष. परवा वर्गात स्केचबुकं तपासली. माझ्या वहीत होता गंगावेशीतल्या एका पाटीवरचा 'क्ष', तालमीच्या भिंतीवरचा लंगोट कसलेला पैलवान, फुटबॉलच्या हंगामात पेठेत रंगवलेले झेंडे, आणि आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या मराठी 'इंद्रजाल' कॉमिकमधल्या वेताळाच्या चौकटी. शेरा मिळाला: "यात निरीक्षण कुठाय? हे दुसऱ्यांनी काढलेलं पुन्हा काढणं झालं."

मला हे पटलेलं नाही. वेताळाच्या काही चौकटींत ठोसा लागताना दिसतच नाही. एका चौकटीत मूठ मागे गेलेली, पुढच्या चौकटीत माणूस भुईवर. मधलं सगळं वाचणारा स्वतः बघतो. हे मला कुठल्याच तासाला कुणी सांगितलं नव्हतं. तीच गोष्ट पाटीची. जागा कमी पडणार असं दिसलं तर चांगला पेंटर शेवटचं अक्षर चेपत नाही, आधीच्या सगळ्या अक्षरांची पोटं थोडी थोडी आवळत येतो. रोज कॉलेजला जाताना मी हे बघते. हे निरीक्षण नाही?

आणि आपण कुठल्या गावात बोलतोय? बाबूराव पेंटरांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, 1920 साली 'सैरंध्री' हा सिनेमा काढला आणि स्वतःच्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः केली. 'कल्याण खजिना'चं 1924 चं पोस्टर आजही चित्रकलेच्या पुस्तकांत छापतात. जी. कांबळ्यांनी उभी हयात सिनेमाच्या पोस्टर-बॅनरवर काढली. मग रस्त्यावरचं बघून शिकणं कमअस्सल कधीपासून झालं?

जुना ब्रश
बाळ, मी चाळीस वर्षं चित्रकला शिकवली. तुझी तळमळ कळते, पण उदाहरण तू उलटं धरलंयस. बाबूराव रस्त्यासाठी चित्र काढत होते, रस्त्यावरून शिकत नव्हते. माणसाचं शरीर आधी त्यांच्या हातात पक्कं बसलेलं होतं. चित्रकार आबालाल रहिमान घे. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून आलेला माणूस, शाहू महाराजांचा आश्रय असलेला. तो कोटितीर्थाच्या आणि रंकाळ्याच्या काठी जाऊन तेच पाणी, तीच झाडं पुन्हा पुन्हा रंगवत राहिला, कारण सकाळचं पाणी संध्याकाळी तेच नसतं.

वेताळाचा हात काढणाऱ्याने शंभर खरे हात बघितले होते. तू त्याने काढलेला हात बघतेस. तुझ्यापर्यंत येईतो त्या हातातली हाडं गळालेली असतात. हल्ली प्रवेशाला येणाऱ्या मुलांच्या वह्या बघ. जपानी कॉमिकमधले तेच मोठे डोळे, तीच टोकदार हनुवटी. नाव झाकलं तर कुणाची वही कुणाची ते सांगता येत नाही.

कुडाळची माहेरवाशीण
सर, मोठ्या डोळ्यांवर एवढा राग नको. आमच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या डोळ्यांचीच माणसं काढत आलेत. सुटी पानं, त्यांची पोथी, एकेक पान समोर धरायचं आणि रामायण-महाभारतातली कथा गात पुढे न्यायची. पान बदललं की प्रसंग बदलला. कॉमिक याहून वेगळं काय असतं? 2021 साली परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. ही मंडळी आधीच्या पिढीची पानं समोर ठेवूनच शिकली. त्यांच्या हातांत हाडं नव्हती असं म्हणणार का?

पाटीवाल्याचा मुलगा
मला दुसरंच बोलायचंय.

माझे वडील पाट्या रंगवायचे. पत्र्यावर आधी अस्तर, मग निळीत बुडवलेली सुतळी दोन्ही टोकांना ताणून एक झटका. रेघ उमटली की तिच्यावर शिरोरेषा. उधारीवर आणलेलं इनॅमल, खारीच्या केसांचा ब्रश, आणि हात थरथरू नये म्हणून काठीचा टेका. लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतल्या किती पाट्या त्यांच्या हातच्या होत्या ते त्यांनाही मोजता यायचं नाही. मग फ्लेक्स आला. तासाभरात छापून मिळतो, वर गिऱ्हाइकाचा फोटोही बसतो. दोन वर्षांत काम संपलं. त्या दिवसांत त्यांना कुणी कलाकार म्हणालं नाही.

आता शिकलेली मुलं येतात, जुन्या पाट्यांचे फोटो काढतात, त्याच वळणाची अक्षरं टी-शर्टवर छापतात आणि खाली 'प्रेरणा: कोल्हापूरचा रस्ता' असं लिहितात. रस्ता पाट्या रंगवत नाही, माणूस रंगवतो. गेल्या वर्षी जूनमध्ये, 2025 ला, मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा अख्खं गाव पेटलं होतं. बरोबरच होतं. 2019 पासून त्या चपलेला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून भांडता तरी आलं. माझ्या बापाच्या 'क्ष'ला कसलं मानांकन? ताई, तुमच्या वहीतला तो 'क्ष' कुणी काढलाय, विचारलंत का?

कंपाउंडवाला
प्रेरणेवर मला बोलायचं नाही. माझ्या भिंतीवर रात्रीत कुणीतरी दात विचकणारं माकड काढून गेलं. चित्र चांगलं असेलही, पण भिंत घासून रंगवायचा खर्च माझा. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात 1995 पासून कायदा आहे. दार वाजवा, विचारा. मी कदाचित हो म्हटलं असतं.

मंगळवारातला
कंपाउंडवाल्या दादांचं बरोबर हाय. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कीथ हॅरिंग 1980 पासनं खडूनं चित्रं काढायचा. जुन्या जाहिरातीवर काळा कागद डकवलेला असायचा, त्यावर. कुणाचं काय बिघडत न्हवतं, तरी पोलिसांनी लै वेळा धरला. आपल्याकडं तालमीच्या भिंतीवरचा पैलवान रात्रीत चोरून काढत न्हाईत. वर्गणी निघती, पेंटरला चहा जातो, म्हातारी माणसं खुर्ची टाकून "मांडी बारीक झाली रं" म्हणून सांगत बसत्यात. म्हणून त्या भिंतीवर कोण थुकत न्हाई. स्ट्रीट आर्ट म्हणायचं तर मी ह्याला म्हणतो. आणि सर, त्या मांडीवर बोलणाऱ्यांनी आयुष्यभर मातीत मांड्या बघितल्यात. हे बी शरीराचं शिक्षणच झालं की.

जुना ब्रश
मांडीचा मुद्दा मान्य. चित्रकथींचाही, पण अर्धाच. तो मुलगा आजोबांचं पान समोर ठेवत असेल, पण आजोबाही शेजारी बसलेले असत. रेघ चुकली की तिथेच बोट पडायचं. छापील चौकट तुला चुकलीस म्हणून सांगत नाही. पोरी, तुझ्या शेजारी कोण बसलंय?

तिकटीवरची
दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण आधी गंगावेशीत जाऊन आले. दुकानदार म्हणाले, पाटी त्यांच्या वडिलांच्या वेळची, पेंटरचं नाव आठवत नाही. खालच्या कोपऱ्यात सही होती, पण नंतर ठोकलेल्या मीटरच्या पेटीखाली गेलीय. एक अक्षर तेवढं दिसतं.

दादा, तुमचं म्हणणं लागलं. मी वहीत त्या पानावर दुकानाचं नाव लिहिलं होतं, काढणाऱ्याची चौकशी केलीच नव्हती. आता ते अर्धं अक्षर काढून ठेवलंय.

सर, वेताळ मी सोडणार नाही. पण शेजारी कोण बसलंय, याला माझ्याकडे उत्तर नाही. दादा, तुमचे वडील मला शिकवतील का? फुकट नको.

पाटीवाल्याचा मुलगा
विचारलं त्यांना. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मीटरच्या पेटीखालून कुठलं अक्षर दिसतंय ते पाठव, हात कुणाचा ते मी सांगतो.

आणि यायचं तर सकाळी लवकर. रंग आणू नका, नीळ आणि सुतळी आणा. आठ दिवस नुसती शिरोरेषा, तीही पत्र्यावर.

जुना ब्रश
नवव्या दिवशी वही घेऊन रंकाळ्यावर ये. सहाच्या आत.