डीट्रेस: ॲक्शन आणि सबरूटीन यांत खरंच फरक आहे की नुसता कीस?

खडकीकर: काल एकाने ठोकून दिलं, "डीट्रेसमध्ये ॲक्शन काय नि सबरूटीन काय, शेवटी फंक्शनच." राहवलं नाही म्हणून लिहितोय. नवख्यांसाठी: डीट्रेस म्हणजे चालत्या सिस्टममध्ये प्रोब, म्हणजे पहाऱ्याच्या जागा, लावून आत काय चाललंय ते बघायचं साधन; प्रोब उडला की आपण लिहिलेल्या ॲक्शन आणि सबरूटीन्स चालतात. स्ट्रलेन, बेसनेम, कॉपीइन ही सबरूटीन्स डीट्रेसच्या स्वतःच्या स्थितीपलीकडे काहीच बदलत नाहीत. ट्रेस, प्रिंटएफ, स्टॅक या ॲक्शन बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, नोंद टाकतात. स्टॉप, रेझ, पॅनिक तर चालत्या सिस्टमलाच हात घालतात. हे सगळं एकच?

वाकडेवाडी: प्रकार तीन मोजलेत आणि भांडताय दोनांसाठी! प्रिंटएफ आणि पॅनिक ज्या वर्गीकरणात एकाच खान्यात बसतात ते घेऊन मी प्रॉडक्शनवर काय करू? मला एवढंच बघायचं असतं की -डब्ल्यू (सिस्टमला हात घालणाऱ्या ॲक्शनना परवानगी देणारा पर्याय) द्यावा लागतोय का.

पेठेतला: मुलाखतीत मात्र नेमकं हेच विचारतात! मगरपट्ट्यात एकाने विचारलं, चिल (सीपीयूला मुद्दाम रखडवणारी ॲक्शन) जास्तीत जास्त किती? एका सीपीयूवर दर सेकंदात 500 मिलिसेकंद, सांगितलं. नोकरी लागली. काम? लॉगमध्ये ग्रेप मारणे.

कोथरूडवाली: तुम्हाला निदान लागली. मला विचारलं, सिस्टम() (बाहेरची कमांड चालवणारी ॲक्शन) कधी चालतं? म्हटलं, प्रोब उडतो त्या क्षणी नाही, युजरलँड, म्हणजे कर्नलबाहेरचा डीट्रेस प्रोग्राम, बफर वाचतो तेव्हा. साहेब मान हलवत राहिले, "नाही नाही, लगेच." नंतर निरोप आला, बेसिक्स कच्चे.

पेठेतला: हाहा, आणि तेच साहेब आता कुठेतरी आर्किटेक्ट असणार.

कोथरूडवाली: आहेत. हिंजवडीत.

खडकीकर: मुलाखतींची रडगाणी वेगळ्या धाग्यावर गा हो!

वाकडेवाडी: का? बाईंनी माझंच काम केलं. रेझ तिथल्या तिथे सिग्नल पाठवतं, सिस्टम() मागाहून चालतं. दोन्ही ॲक्शन. काय कळलं त्या 'ॲक्शन' पाटीवरून?

खडकीकर: बरं बाबा, पाटी अपुरी आहे. पण "फंक्शनच" म्हणणाऱ्यांचं काय होतं ते ऐका. आमच्या टीममधला एक पोरगा ओपन या सिस्टम कॉलच्या एंट्रीलाच (कॉल सुरू होताना) फाइलचं नाव वाचायला कॉपीइनस्ट्र हे सबरूटीन लावून बसला. मधूनच 'इनव्हॅलिड ॲड्रेस'. नावाचं पान अजून मेमरीत आलेलं नव्हतं, आणि प्रोबच्या आत डीट्रेस पेज फॉल्ट (नसलेलं पान मेमरीत आणणं) होऊ देत नाही. नावाचा पॉइंटर सेल्फमध्ये (थ्रेडच्या स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये) ठेवून रिटर्नला, म्हणजे कॉल संपताना, वाचला, मिटलं.

वाकडेवाडी: युक्ती चांगली, घेतली. पण ती पेज फॉल्टची गोष्ट झाली. त्याला सबरूटीन म्हणा नाहीतर ॲक्शन, एंट्रीला आपटणारच होतं.